पुनश्च सायकल

मनुष्याच्या अंगीं असलेल्या विद्या दोन प्रकारच्या असतात. एक वर्षानुवर्षें अडगळींत पडून राहिली तरी गंजत नाहीं. दुसरीकडे चार आठवडे पाठ फिरविली कीं ती रुसून बसते. सायकल या साध्या वाहनांत या दोन्ही विद्या शेजारीं शेजारीं नांदतात, हें आम्हांस वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं कळलें.

शाळेंत व महाविद्यालयांत असतां सायकल हेंच आमचें वाहन होतें. पुढें नोकरी लागली, मोटारसायकल आली आणि सायकल माळ्यावर गेली. सुमारें वीस वर्षें तिची आठवणहि झाली नाहीं. गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं रक्ततपासणीचा कागद पाहून साखर सीमेवर येऊन ठेपल्याचें सांगितलें. आमच्या वडिलांस याच वयांत मधुमेह जडला व पुढें त्यांची दृष्टि अधू झाली, हें आम्हीं घरांतच पाहिलेलें होतें. ज्याचें सारें आयुष्य पुस्तकें व वह्या वाचण्यांत जावयाचें, त्या शिक्षकास दृष्टीचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं. त्याच आठवड्यांत आम्हीं सायकल खालीं काढली, नवे टायर बसविले, साखळीस तेल दिलें आणि वाईच्या रस्त्यावर निघालों.

सीटवर बसून दोनदां पॅडल मारतांच तोल सांपडला. सायकल ज्या बाजूस कलते त्याच बाजूस हॅंडल किंचित् वळविलें म्हणजे ती सावरते. हें शिकतांना लहानपणीं गुडघे फुटतात. परंतु एकदां शिकलें कीं तें लहान मेंदूच्या स्वाधीन होतें व हात विचार न करितां तें पाळतात. बालपणीं भोगलेल्या कष्टांचें व्याज आम्हांस असें चाळिशीनंतर मिळालें.

उमेद वाढली आणि आम्ही पसरणीच्या घाटास लागलों. वाईहून पांचगणीस जाणारा हा रस्ता सुमारें १२ किलोमीटरांचा, आणि तेवढ्यांत तो ५०० मीटरांहून अधिक चढतो. हातांस सर्व कांहीं आठवत होतें. मांड्यांस व फुप्फुसांस कांहींच आठवत नव्हतें! दुसऱ्या वळणावरच दम लागून आम्ही कठड्यावर टेकलों. तोंच आमचे कांहीं विद्यार्थी सायकली मारीत वर गेले. आणि जातां जातां "गुड मॉर्निंग, सर" म्हणण्याइतका श्वासहि त्यांच्यापाशीं शिल्लक होता.

तोल एकदां मिळाला म्हणजे आपला होतो. दम मात्र रोज नव्यानें मिळवावा लागतो. नेमानें श्रम केल्यास हृदय दर ठोक्यास अधिक रक्त ढकलूं लागतें व स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात. श्रम थांबले कीं कांहीं आठवड्यांतच ही कमाई ओसरूं लागते. म्हणून आम्हीं रोज पहांटे अर्धा तास ठरविला. पहिला महिना केवळ सपाटीवर, मग दर आठवड्यास घाटाचें एक वळण अधिक. पावसाळ्यांत घाटांत धुकें उतरे तेव्हां पुन्हां सपाटी; पण अर्धा तास चुकविला नाहीं. दुकानदारानें मागील दांतेरी चाक काढून १८ दांत्यांच्या जागीं २२ दांत्यांचें बसवून दिलें. त्यामुळें तोच चढ चढण्यास पायांचे फेरे अधिक लागतात, परंतु प्रत्येक फेऱ्यास जोर कमी पुरतो. बळ थोडें असेल त्यानें फेरे वाढवावे, हा सर्व चिकाटीचा हिशेब त्या चाकांत आहे.

हा हिशेब इतरांनींहि मांडलेला आहे. अमेरिकेंतील सुप्रसिद्ध समाजसेविका फ्रान्सेस विलर्ड या ५३ व्या वर्षीं सायकल शिकल्या. रोज थोडा थोडा वेळ देऊन सुमारें तीन महिन्यांत त्यांनीं ती साध्य केली, व १८९५ सालीं त्या अनुभवावर पुस्तक लिहिलें. फ्रान्समधील रॉबर्ट मार्शां (जन्म १९११) हे सदुसष्टीच्या सुमारास पुन्हां सायकलकडे वळले. २०१२ सालीं, शंभरी गांठल्यावर, त्यांनीं एका तासांत २४.२५ किलोमीटर अंतर कापलें. पुढील दोन वर्षें शरीरशास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं ते वर्षास सुमारें ५,००० किलोमीटर सायकल चालवीत. त्यांतील पांच हिस्स्यांपैकीं चार हिस्से सौम्य गतीचे, एकच हिस्सा जोराचा. २०१४ सालीं, १०२ व्या वर्षीं, त्यांनीं तासांत २६.९२७ किलोमीटर अंतर तोडलें!

आमची मजल अर्थातच लहान आहे. आठ महिन्यांनंतर आम्ही दोन ठिकाणीं विसांवा घेऊन पांचगणीस पोहोंचतों. मागील तपासणींत साखर सीमेच्या आंत आली. ती आंत राखण्याचें काम रोजचें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणारा मुलगा पहिल्याच दिवशीं घाट चढूं पाहतो. तुम्ही रोज एक पान वाचा, एक गणित सोडवा. वळणें आपोआप मागें पडतील. आणि पालकहो, आपल्याहि घरीं माळ्यावर एखादी सायकल असेल. ती खालीं काढा. तोल शाबूत आहे असें आढळेल. दमाची सुरुवात मात्र उद्यां पहांटेच करावी लागेल.