चालीवरून ओळख

आमच्या वराळ्यात इंद्रायणी पिकतो तो इंद्रायणीच्याच काठी. हे वाण वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलं, म्हणजे नदीही आमची आणि भातही तालुक्याचा. दाणा दुधात आला की रानडुकरं उतरतात. डुक्कर खातं थोडं, तुडवतं फार. लोळून गेलेल्या खाचरात विळा घालायलाही जीव होत नाही.

पूर्वी यावर बंदूक हा उपाय होता. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली, आणि थांबली ते मला पटतं. पण जागल चुकली नाही. माळ्यावर बसायचं, डबा बडवायचा, बॅटरी मारायची. बॅटरीचा झोत पडला की मात्र झोताबाहेरचं सगळं रान आपल्याला दिसेनासं होतं आणि आपण सगळ्या रानाला दिसतो.

नोकरीत असताना मी एका कारखान्याच्या देखभाल खात्यात होतो. बेअरिंग तापलंय का, पॅनेलमधला जोड सैल पडून गरम होतोय का, हे थर्मल कॅमेऱ्यानं पाहायचो. निवृत्त झाल्यावर वाटलं, बेअरिंग दिसतं तर डुक्कर का नाही दिसणार? हातात मावणारी थर्मल दुर्बीण घ्यायचं ठरवलं. विकणारा म्हणाला, "काका, ही घ्या, दीड किलोमीटरवरचं जनावर दिसतं." मी विचारलं, दिसतं म्हणजे काय दिसतं? त्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानं दाखवलेल्या दोन्ही दुर्बिणींत सेन्सर एकच होता. आडवे ३८४ ठिपके, उभे २८८, एकेक ठिपका १२ मायक्रॉनचा. फरक भिंगात. पस्तीस मिलिमीटरच्या भिंगातून शंभर मीटरवरची जेमतेम तेरा मीटरची पट्टी दिसते, एकोणीसच्या भिंगातून चोवीस मीटरची. पस्तीसवालं लांबचं मोठं करून दाखवतं हे खरं. पण आमची खाचरं काही माळरान नव्हेत. बांधामागं बांध, मध्ये ओढा, पलीकडे करवंदीची जाळी. दीडशे मीटरच्या पुढं सरळ नजर जाते कुठं? तिथं नळीतून पाहिल्यासारखं एकेक खाचर चाळत बसलो तर डुकरं मागच्या बाजूनं जेवून जातील. मी एकोणीसचं घेतलं. दुकानदाराला ते आवडलं नाही. पस्तीसवालं महाग होतं.

कधी नजर पुढं गेलीच, तर या भिंगातून तीनशे मीटरवर एक ठिपका एकोणीस सेंटिमीटरचा होतो. म्हणजे बिबट्या उभा असला तरी उंचीला तीन-चार ठिपके. एवढ्यावरून तो बिबट्या की चुकलेलं वासरू हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. शेपूट तर ठिपक्याहून बारीक, ती गायबच. मग ओळखायचं कशावरून? चालीवरून. डुकरं ओळीनं येतात, मोठी मादी पुढं, पिल्लं मागं तुरुतुरु, आणि मान सतत खाली. कुत्रं दुडक्या चालीनं येतं, थांबतं, वास घेतं, पुन्हा निघतं. बिबट्या चालतो तेव्हा पाठीची रेघ हलत नाही, पाण्यावरून ओंडका सरकावा तसा सरकतो. म्हणून मी ज्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजले तो सेकंदाला पन्नास चित्रांचा. पंचवीस चित्रांच्या दुर्बिणीत, आपण ती फिरवत असताना, चाल तुटक दिसते. चालच तुटली तर उरतात नुसते पांढरे ठिपके.

बाकीच्या गोष्टी रानानं शिकवल्या. आमचा दगड काळा, बेसाल्टचा. दिवसभर ऊन पितो आणि दिवस मावळल्यावरही बराच वेळ सोडत राहतो. पहिल्या रात्री बांधावर बारा डुकरं मोजली, ती सगळी दगड निघाली. मध्यरात्रीनंतर दगड निवतो, मग जनावर उठून दिसतं. पहाटे नदीवरून धुकं चढलं की पुन्हा सगळं पुसट. पुतण्या थंडीनं पत्र्याच्या खोलीत जाऊन काचेच्या खिडकीतून पाहू लागला आणि ओरडला, "काका, समोर माणूस आहे!" तो स्वतःच होता. दुर्बिणीला दिसते ती ऊब काचेतून पार होत नाही, काच तिला आरसा होते. दुर्बिणीचं भिंगही म्हणूनच काचेचं नसतं, जर्मेनियमचं असतं. आणखी एक: पडद्याचा उजेड कमीत कमी ठेवावा आणि एकाच डोळ्यानं पाहावं. त्या डोळ्याला नंतर काही वेळ अंधारातलं दिसत नाही. माळ्याची शिडी दुसऱ्या डोळ्याच्या भरवशावर उतरायची.

गेल्या कार्तिकात डुकरं ओढ्यातून वर आली. सात. मी डब्याकडे हात नेला, तेवढ्यात डावीकडच्या बांधावर आणखी एक पांढरा डाग दिसला. दगड म्हणावा तर रात्र उलटून गेलेली. डाग सरकला. पाठीची रेघ हलली नाही. पुतण्याला खूण केली, शिडी वर ओढून घेतली. वनखात्याचा १९२६ हा नंबर मोबाइलवर काढून ठेवला, पण लावला नाही. आता बोलणार कोण? डुकरांना वारा लागला असावा. मोठी मादी थबकली, आणि सातही डाग एकदम ओढ्यात उतरले. बिबट्या बराच वेळ तसाच बसून राहिला. दुर्बिणीतली बॅटरी संपत आली तेव्हा मी ती बंद केली आणि आम्ही दोघं उजाडेपर्यंत अंधारात बसलो.

सकाळी शेजारच्या बांधावरून आबांनी हाक मारली, "काय रे, काल डबा वाजला नाही तुझा?"

"नाही आबा," म्हटलं. "काल जागलीला दुसराच होता."