जांभळी बाटली

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा इंझोरीत दुसरा विषयच नव्हता. लोणार बुलढाण्यात, आम्ही वाशिममध्ये, पण ते तळं आपलंच की! पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने उलगडा केला: पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात रमणारे हॅलोआर्किया फोफावले. रंग त्यांचा.

मला मात्र त्यावरून जांभळे जिवाणू आठवले. (हे वेगळे बरं का, गल्लत नको.) यांना लोणार लागत नाही, साध्या नाल्याचा गाळ पुरतो. बाटलीत गाळ, पाणी, वर्तमानपत्राचे तुकडे आणि थोडा अंड्याचा बलक घालून उजेडात ठेवा, काही आठवड्यांत काचेला जांभळट डाग धरतात. मी २०२१ च्या जानेवारीत अशी बाटली खिडकीत ठेवली.

यांच्यातला ऱ्होडोबॅक्टर माझा लाडका. भरपूर ऑक्सिजन असला की तो आपल्यासारखा श्वसन करतो. सायटोक्रोम सी-२ नावाचं छोटंसं प्रथिन, पोटात लोहाचा अणू, इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिडेजकडे नेऊन देतं आणि तिथे ऑक्सिजनचं पाणी होतं. ऑक्सिजन संपत आला की पेशी प्रकाश पकडणारी रंगद्रव्यं बनवू लागते. आता तेच सी-२ इलेक्ट्रॉन प्रकाशकेंद्राकडे नेतं. प्रकाश तो उडवतो, तो फिरून पुन्हा सी-२ कडे येतो. गोल चक्कर. हमाल तोच, फक्त पोचवायचं घर बदललं! ऱ्होडोबॅक्टर कॅप्सुलेटसमध्ये तर सी-२ काढून टाकलं तरी प्रकाशावरचं काम चालतं, कारण पटलाला बांधलेला आणखी एक हमाल, सायटोक्रोम सी-वाय, हजर असतो.

आपल्या पेशीतलं सायटोक्रोम सी याच सी-२ चं नातेवाईक. घडण बरीचशी तीच, पण त्याला घर एकच.

हे वाचलेलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये बाबांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ८४ दिसलं तेव्हा ते वाचलेलं नकोसं झालं. सिलिंडर मिळेपर्यंतचे ते सहा तास... त्यावर लिहिणार नाही. एवढंच सांगतो, त्या रात्री बाटलीकडे बघून मला तिचा चक्क हेवा वाटला. तळाशी गाळात ऑक्सिजनचा पत्ता नाही आणि जांभळा रंग मस्त चढलेला.

असो. बाबा नवव्या दिवशी घरी आले. अजून जिना चढताना मध्येच थांबतात.

परवा त्यांनी विचारलं, "काय पाह्यतं रे त्या बाटलीत एवढं?" मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग हे उन्हावरच जगते?"

"उजेडावर, बाबा. हवा नसली तरी."

"बरं हाय त्याचं," म्हणाले, आणि चहा मागितला.

आता सकाळी खिडकीत ऊन आलं की बाटली कवडशात सरकवायचं काम त्यांनीच घेतलंय. मी दोनदा सरकवली तर रागावले.