डावा कान

माझ्या दवाखान्यातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे एक रिकामी खोली. सहा बाय सहाची, भिंतींना आतून जाड स्पंज, दार बँकेच्या तिजोरीसारखं जड. आत एक खुर्ची. पेशंटच्या कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, दार लावायचं आणि काचेच्या अलीकडून मी एकेक सूर सोडत जायचा. अगदी बारीक ऐकू आला तरी त्यानं बटण दाबायचं. एवढंच काम.

फौजी माणूस आत बसला की काचेतून लगेच ओळखू येतो. पाठ खुर्चीला टेकत नाही. बटण मुठीत असं धरलेलं, जसा काही आता हुकूम सुटणार आहे. सूर ऐकू आला की बटण तर दाबतोच, वर खणखणीत आवाजात "यस मॅडम!" असंही कळवतो. केसपेपरवर लिहायला नाव विचारलं तर आधी नंबर, मग रँक, मग नाव. सकाळी नाश्त्याला काय होतं ते न आठवणाऱ्या आजोबांचाही आर्मी नंबर चुकलेला मी अजून पाहिला नाही.

मी साताऱ्यात कान तपासते, त्याला २२ वर्षं झाली. या जिल्ह्यात हा धंदा करायचा म्हणजे पेन्शनर फौज तपासायची. इथल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण परत आले नाहीत. गावात रिटायर होऊन आलेला माणूस शिपाई असो नाही तर सुभेदार, लोक त्याला 'मेजर'च म्हणतात. तर हे मेजर लोक माझ्याकडे येतात ते बहुधा सुनेनं नाही तर लेकीनं ओढून आणलेले. घरच्यांची तक्रार एकच, टीव्ही फार मोठा लावतात. मेजरांची तक्रार वेगळी. "मला सगळं ऐकू येतंय ओ. हीच माणसं तोंडातल्या तोंडात बोलत्यात."

मेजरांचं म्हणणं बरंचसं खरं असतं. तपासणीनंतर कागदावर एक आलेख निघतो, ऑडिओग्राम. डावीकडे खर्जातले सूर, उजवीकडे बारीक. नुसत्या वयानं कान गेले तर रेघ उजवीकडे सावकाश उतरत जाते, खंबाटकीच्या उतारासारखी. फौजीची रेघ सपाटीवरून नीट चालत येते, ४,००० हर्ट्झच्या आसपास धाडकन खड्ड्यात पडते आणि पुढे पुन्हा थोडी वर चढते. आम्ही तिला खाच म्हणतो. आतल्या कानातल्या शंखात साधारण १५,००० केसपेशी असतात. मेली ती गेली, पुन्हा उगवत नाही. धमाक्याचा पहिला मार या पट्टीतल्या पेशींवर बसतो. आता आपल्या भाषेतले स, श, ठ, ख, फ हे बरेचसे वरच्या पट्टीतले, आणि आ, ओ, म, न खालच्या. म्हणून समोरचा बोलतोय हे ऐकू येतं, पण 'आठ' म्हणाला की 'साठ' ते कळत नाही. मित्राचा जाडा आवाज कळतो, सुनेचा आणि नातीचा नाही. घरात त्याचा अर्थ लावला जातो की म्हातारा सोयीपुरता बहिरा आहे. बरं, सून वैतागून मोठ्यानं बोलली तर हेच गृहस्थ म्हणतात, "ओरडतीस कशाला?" तेही नाटक नसतं. असल्या कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो. मधली ऐसपैस जागा उरलेलीच नसते.

दुकान थाटलं त्याच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. एक रिटायर नाईक आले होते, पन्नाशी उलटलेले, जंगी पलटणीचे. जंगी पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. १९७१ च्या डिसेंबरात ती पूर्व पाकिस्तानात जमालपूरपाशी होती. ब्रिगेड कमांडर ब्रिगेडियर क्लेर यांनी समोरच्या पाकिस्तानी कमांडिंग ऑफिसरला शरण येण्याविषयी चिठ्ठी धाडली, आणि उलट टपाली उत्तराच्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली. ही हकीगत पुस्तकांतून आलेली आहे. पण नाईकसाहेब ती अशी सांगत की गोळी त्यांच्याच तळहातावर पडली होती, आणि सांगताना तळहात खरंच पुढे करत. मी अदबीनं त्या रिकाम्या तळहाताकडे बघायची.

त्यांचा उजवा कान बरा होता, डावा बराच खाली. एकाच कानाला एवढी उतरण दिसली की आमच्या शिक्षणाप्रमाणे पहिली शंका येते ती कानाच्या नसेवर गाठ असण्याची. मी गंभीर चेहरा केला आणि ईएनटीकडे पाठवलं, त्यांनी पुण्याला एमआरआयला. १५ दिवस त्या घरात कुणाला धड झोप लागली नसणार. रिपोर्ट स्वच्छ आला. पाकीट माझ्या टेबलावर ठेवून नाईकसाहेब म्हणाले, "मॅडम, रायफल कुठल्या खांद्याला लावत होतास एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं की."

मग त्यांनी टेबलावरची माझी फूटपट्टी घेतली आणि उभ्या उभ्या पवित्रा घेऊन दाखवला. बट उजव्या खांद्यात दाबलेला. उजवा गाल बटाला चिकटलेला. डोकं असं वळतं की उजवा कान खांद्याच्या आडोशाला जातो आणि डावा थेट नळीच्या तोंडाकडे येतो. "दहा-अकराच्या रात्री ते वेढ्यातनं बाहेर पडायला बघत होते, आमच्या अंगावरच आले," ते म्हणाले. "रात्रभर हा असा." पट्टी त्यांनी सावकाश खाली ठेवली आणि तळहात पँटला पुसला. जमालपूरची चिठ्ठी त्यांनी मला चार-पाच वेळा तरी सांगितली असेल, पण त्या रात्रीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं एवढंच.

उजव्या हातानं नेम धरणाऱ्यांचा डावा कान जास्त जातो, हे कानाच्या विद्येत जुनंच ज्ञान आहे. मी ते वाचलेलंही होतं, परीक्षेपुरतं. एमआरआयला मी आजही पाठवते, गाठ ही गाठच असते, पण आधी खांदा विचारते. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले, त्यांचा उजवा कान गेलेला. मी नुसतं "डावखुरे का?" म्हटलं, तर ते लेकीकडे वळून बघायला लागले, हिला कुणी सांगितलं म्हणून.

दिवाळी अंकात लिहितेय म्हणून फटाक्यांचा हिशेब सांगून टाकते. आपल्याकडे नियम असा आहे की फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर आवाजाचं शिखर १४५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. रायफल झाडणाऱ्याच्या कानाशी ते १५० च्या पुढे असतं आणि तोफेशेजारी त्याहून बरंच वर. डेसिबलची मोजणी रुपयांसारखी नसते, दर ६ डेसिबलला हवेचा दाब दुप्पट होतो. जुन्या लोकांकडे त्यावर उपाय काय होता? रायफलीची नळी पुसायला मिळणारी चिंदी. जिला दोरी बांधून नळीतून ओढायचं ते 'पुल थ्रू', फौजी उच्चारात 'फुलतरू'. त्यातलीच चिंदी फाडून कानात कोंबायची. तोफखान्यात तोंड उघडं ठेवायचं. तोफेजवळ तरुणपण काढलेले एक आजोबा दिवाळीत सुतळी बॉम्बचा जाळ दिसला की बोटांवर सेकंद मोजतात आणि "पोवई नाक्याच्या अलीकडं" असं सांगतात. तीन सेकंदाला एक किलोमीटर. मात्र आता आवाज त्यांना नातवानं खूण करून कळवावा लागतो.

डाव्या कानाहूनही मोठं कोडं मला पुढची काही वर्षं पडलं होतं. हे कान एका दिवसात गेलेले नाहीत, नोकरीतच जात होते. मग कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? हळूहळू उलगडलं. फौजेत माणसाची तब्येत इंग्रजी 'शेप' या पाच अक्षरांत मांडतात: एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए हातपाय, पी बाकीचं शरीर, ई डोळे. पाचही ठिकाणी एक आकडा असला की माणूस 'शेप वन'. एचचा आकडा वाढला की कॅटेगरी खाली, मग कोर्स नाही, प्रमोशन अडकणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पलटण पुढे जाणार आणि आपण मागे. कानाची परीक्षा साधी असायची. जवान पाठ करून उभा, डॉक्टर ६१० सेंटिमीटरवरून, म्हणजे वीस फुटांवरून, कुजबुजणार, आणि ते जवानानं परत म्हणून दाखवायचं. एका हवालदारांनी मला हसत हसत सांगितलं, "पुढचा गडी बाहेर आला की सांगायचा, आज साहेब सत्तावीस आणि त्रेसष्ट म्हणतोय. आम्ही आत जाऊन तेच."

अशी पंचवीस वर्षं काढली. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डापुढेही "सब ठीक है साब." आणि अपंगत्वाची पेन्शन मिळायची तर त्याच कागदावर असावं लागतं की दोष नोकरीमुळे झाला किंवा नोकरीनं वाढला, आणि तो किमान २० टक्के आहे. वीस वर्षांनी माझ्या लेटरहेडवरचा आलेख घेऊन हे लोक कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात, तेव्हा समोरचा कारकून जुनी फाइल उघडून "इथं तर नॉर्मल लिहिलंय" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. मला याचा राग येतो. हवालदारांना येत नाही. "लपवलं नसतं तर द्रासला गेलो असतो का?" असं मलाच विचारतात.

फौजी आठवणी म्हटलं की लोकांना गोळीबार हवा असतो. माझ्या बाकड्यावर ऐकू येतं ते निराळंच. कुठल्या लंगरची डाळ, कुठल्या स्टेशनवर स्पेशल गाडी अकरा तास उभी राहिली, कुठल्या साहेबाच्या कुत्र्यानं रमची बाटली फोडली. एकदा दोघे शेजारी बसले होते, एक तोफखान्याचे, एक रणगाड्यांवरचे, दोघांच्याही कानांत काही राम नव्हता. दोघे एकाच वेळी बोलत होते आणि दोघेही बरोबर जागी हसत होते. मी दार किलकिलं करून दहा मिनिटं बघत उभी राहिले. आतला पेशंट बटण दाबायचं सोडून काचेवर टकटक करायला लागला तेव्हा भानावर आले.

माझे लाडके पेशंट मात्र सिग्नलचे. ऑपरेटर होते, सगळं तरुणपण मोर्सच्या टिक-टिकीत गेलेलं. मी सूर सोडत असते ते तुटक, एकसारख्या लांबीचे. पहिल्यांदा आले तेव्हा बटण दाबेनात. पाहिलं तर उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर काहीतरी लिहीत होतं. मी दार उघडलं. "ऐकू येत नाहीये का?"

"येतंय. पण नुसते डॅश आहेत. टी, टी, टी. पुढं काय?" मग जरा दया येऊन म्हणाले, "तुमचा ऑपरेटर झोपला वाटतं."

त्यांच्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजते, या मंडळींपैकी पुष्कळांच्या वाजते. पेशी मेल्या तरी मेंदू त्या जागेवरून काहीतरी ऐकत राहतो असं आम्ही समजावतो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रात्री ते वाचायचा प्रयत्न करून बघितला. पण तुटतच नाही. सलग वाहतं. त्यात अक्षर होत नाही."

आता द्रासवाल्या हवालदारांचं सांगते, म्हणजे सत्तावीस आणि त्रेसष्टवाल्यांचं. १९९९ ला बोफोर्सवर होते. ४० किलोंच्या वरचा एक गोळा, काही सेकंदांत असे तीन जायचे, आणि मे ते जुलै हेच चाललेलं. मी आलेख समोर धरून खाचेवर पेन टेकवला तर कागद हातातून काढून घेतला आणि उजेडाकडे धरून निरखला. "ही आमची तोफ का?" मी हो म्हटलं. झेरॉक्स मागितली. मला वाटलं पेन्शनच्या अर्जाला. त्यांनी ती लॅमिनेट करून घेतली.

तोफखान्याचा गनर्स डे २८ सप्टेंबरला असतो. १८२७ साली त्या दिवशी मुंबईच्या फौजेतली एक गोलंदाज कंपनी उभी राहिली, पुढे जी ५ बॉम्बे माउंटन बॅटरी झाली. त्या दिवशी आसपासचे जुने तोफवाले हॉल घेऊन जमतात. लॅमिनेट केलेला कागद तिथं फिरला असावा, कारण ऑक्टोबरात हवालदारांच्याच बॅटरीचे तिघे आले, दोन कऱ्हाडचे, एक फलटणचे. "आमचीही काढा." तपासणी झाल्यावर तिघांनी कागद शेजारी शेजारी ठेवले आणि खाच कुणाची खोल ते बोटानं मोजायला लागले. फलटणकर जिंकले. ज्या एका अक्षरापायी उभ्या नोकरीत साहेबांच्या पाठीमागे खोटं बोलले, तेच अक्षर आता टेबलावर मांडून तिघे एकमेकांना दाखवत होते.

हवालदारांना मी मशीन बसवलं. महिनाभर तक्रारी ऐकल्या, पंखा ओरडतो, पेपरची घडी कडकडते. मग जमलं. सुनेचा फोन आला की टीव्ही आता पंधरावर असतो. पुढच्या २८ सप्टेंबरला सकाळी दवाखान्यात शिरले ते ब्लेझर, मेडल्स, सगळा थाट करूनच. मशीन काढून माझ्यापुढे ठेवलं.

"बिघडलं का?"

"छे. हॉलवर चाललोय. तिथं सगळे तोफवाले, कान फोडतील माझे. संध्याकाळी परत घेतो."

मी ते डबीत घातलं, झाकणावर त्यांचं नाव लिहायला घेतलं. "नंबर लिहा," ते म्हणाले, आणि सांगायला लागले.