जखमेची वीज

गोल्डफिशचं एक खवलं चिमट्यानं अलगद काढायचं, काचपट्टीवर पोषक द्रवाच्या थेंबात ठेवायचं, वर दुसरी काच ठेवून रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी खवल्याच्या कडेनं त्वचेच्या पेशी बाहेर पसरलेल्या दिसतात. त्यांना इन्क्युबेटर लागत नाही, खोलीचं तापमान चालतं. म्हणून आमच्यासारख्या कॉलेजच्या लॅबलाही हा प्रयोग परवडतो. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी अर्धचंद्राकृती दिसते: पुढे रुंद, पातळ, पारदर्शक पापुद्रा आणि मागे फुगीर अंग. मिनिटाला दहा-पंधरा मायक्रोमीटर या गतीनं त्या सरकतात, वाट फुटेल तिकडे.

मग मी वीज सोडली. मिलिमीटरमागे शंभर मिलिव्होल्ट, एवढीच. तीही मिठाच्या पाण्यात केलेल्या अगारच्या नळ्यांतून, म्हणजे तारांपाशी तयार होणारी रसायनं पेशींपर्यंत पोचत नाहीत. थोड्याच वेळात भटक्या पेशी एका बाजूला तोंड करून निघाल्या, ऋण ध्रुवाकडे. मी तारा उलट्या जोडल्या. पापुद्रा एका कडेनं आखडला, दुसऱ्या कडेनं लांबला आणि पेशी वळसा घेऊन उलट्या दिशेनं चालू लागल्या. लॅबचे मामा शेजारी उभे होते. स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "मॅडम, ह्यांना डोळे नाहीत, मग कळतं कसं?"

मामांना मी जे सांगितलं ते असं. आपली त्वचा सोडियमचे आयन सतत आत ओढत असते. त्यामुळे त्वचेची आतली बाजू धन आणि बाहेरची ऋण राहते. कातडी फाटली की तिथला अडसर जातो आणि प्रवाह जखमेतून बाहेर पडू लागतो. आजूबाजूच्या शाबूत कातडीखालून तो जखमेकडे येतो, म्हणून जखमेचा मध्य ऋण ठरतो. म्हणजे आमच्या पेशी ऋण ध्रुवाकडे निघाल्या होत्या त्या जखम बुजवायलाच!

बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८४३ साली स्वतःच्या बोटाला जखम करून हा प्रवाह मोजला होता. तरी तो पुढे बराच काळ अडगळीत पडला, याचं मला फार वाईट वाटतं. १९८२ साली गिनीपिगच्या जखमेच्या कडेला मिलिमीटरमागे शंभर ते दोनशे मिलिव्होल्ट सापडले. आणि २००६ साली ॲबर्डीनच्या मिन झाओ यांच्या गटानं पेशींच्या थरावर ओरखडा काढून उलट दिशेनं वीज दिली, तेव्हा पेशी समोरची मोकळी जागा सोडून मागे हटल्या. जखम रुंदावली. पेशीला वाट दाखवणाऱ्या खुणा अनेक असतात. त्यात विजेचा शब्द इतका वरचढ असेल असं मला वाटलं नव्हतं.

हे सगळं घरी येऊन भिडलं ते आईच्या पोटरीवरच्या जखमेमुळे. तिला मधुमेह आहे. "उघडी ठेव गं, वारं लागलं की सुकेल," हा तिचा आग्रह. मी तिला समजावलं की वरचा थर वाळून कडक झाला की प्रवाहाला वाट राहत नाही. ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ सालीच डुकरांवर दाखवलं. त्याला इतरही कारणं आहेत, पण वीज टिकते हे त्यातलं एक. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनीही तेच सांगितलं, तेव्हा कुठे ती तयार झाली.

वय वाढलं की जखमेभोवतीचं हे विद्युतक्षेत्र निम्म्यावर येतं, असं माणसांवरच्या मोजणीत दिसलं आहे. मधुमेही प्राण्यांच्या डोळ्यांच्या बुबुळांवरही ते क्षीण आढळलं. आईच्या बाबतीत दोन्ही गोष्टी लागू. पावलाच्या न भरणाऱ्या जखमांपायी आपल्याकडे किती जणांची बोटं, पाय कापावे लागतात! साखर मोजतो तशी त्या जखमेची वीजही खाटेशेजारी मोजली जावी, असं मला मनापासून वाटतं. सध्या मी काचपट्टीवरच्या त्याच द्रवात ग्लुकोज वाढवून पेशी वळायला किती वेळ घेतात ते बघते आहे.