नावाने मारलेली हाक

दूरचित्रवाणी पाहणाऱ्याला पडद्यापलीकडून कोणीही पाहत नाही. मोबाईलवरील थेट प्रक्षेपणाने हा एकेरी व्यवहार मोडला. मार्च २०१५ मध्ये ट्विटरने ‘पेरिस्कोप’ हे ॲप आणले. प्रेक्षकाने पडद्यावर बोट टेकवले की रंगीत बदाम तरंगत वर जात. त्याने लिहिलेले वाक्य चित्रावरच उमटे आणि प्रक्षेपण करणारी व्यक्ती ते वाचून तिथल्या तिथे उत्तर देई. मार्च २०२१ मध्ये ते ॲप बंद झाले. सवय मात्र यूट्यूब, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर टिकून आहे.

माणसे तेथे तासन्‌तास का थांबतात, हे मला माझ्या आत्यांमुळे उमगले. त्या एकट्याच राहतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की पुढची सारी संध्याकाळ रिकामी असते. रोज सात वाजता एक गृहिणी रांगोळी काढताना थेट प्रक्षेपण करते. ते त्या न चुकता पाहतात. प्रकाश अंधूक असतो, चित्र मधूनच अडखळते. याहून सुबक रांगोळ्यांची कितीतरी चित्रणे मिळतील, असे मी सुचवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ते सगळं होऊन गेलेलं असतं. त्यात मी कुठं असते?”

एका संध्याकाळी मीही त्यांच्याजवळ बसून ते पाहिले. आत्यांनी लिहिले, “पाकळीत पिवळा भरा.” क्षणभराने पलीकडून आवाज आला, “काकू, आज उशीर केलात!” आणि पाकळी खरोखरच पिवळी झाली. इतर नेहमीच्या बायकांनीही आत्यांची विचारपूस केली. या आकर्षणाचे मर्म मला तेथे सापडले. जे घडते आहे ते आत्ता घडते आहे, आपल्या शब्दाने ते बदलते, आणि आपण आलो नाही तर कोणाच्या तरी ते ध्यानात येते.

हीच भूक बाजारानेही ओळखली आहे. २०१७ पासून यूट्यूबवर ‘सुपर चॅट’ आहे. पैसे भरले की आपला संदेश रंगीत चौकटीत उठून दिसतो. रक्कम वाढवली तर तो अधिक काळ वर राहतो. चीनमधील मंचांवर प्रेक्षक आभासी भेटवस्तू विकत घेऊन देतात आणि त्यातील वाटा मंचचालकांना मिळतो. गर्दी वाढली की प्रत्येकाचे नाव घेणे अशक्य होते. मग नाव ऐकू येण्यासाठी मोल द्यावे लागते. प्रक्षेपण करणाऱ्या व्यक्तीलाही त्यामुळे एक दिवसाची विश्रांती महाग पडते.

हे कळल्यावर आत्यांच्या मुलाने काळजीपोटी ते ॲप काढून टाकण्याचा आग्रह धरला. त्याची काळजी अनाठायी नव्हती. आत्या शांतपणे म्हणाल्या, “काढ. पण मग सात वाजता तू फोन करशील?”

तो निरुत्तर झाला. पडद्याला दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या हाकेसाठी वडीलधारी माणसे अनोळखी दारात रोज जाऊन बसतात, ती हाक घरातून विनामूल्य देता येते. ती दिली जात नाही तोवर त्यांच्या हातातील मोबाईल काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कसा असेल?