आधी सुटायला शिका

काही वस्तूंची नावे माणसाला चकवतात. शर्यतीच्या सायकलीला जे पेडल बसवतात त्याचे नाव ‘क्लिपलेस’, म्हणजे क्लिप नसलेले. प्रत्यक्षात बुटाचा तळ त्यात असा घट्ट अडकतो की पाय नुसता वर उचलून सुटत नाही. या विसंगतीचे कारण इतिहासात आहे. पूर्वी शर्यतपटूंच्या पेडलवर धातूची एक कमान असे. तिच्यात चवडा सरकवायचा आणि वरून चामडी पट्टा आवळायचा. त्या कमानीला ‘टो-क्लिप’ म्हणत. ती कमान आणि तो पट्टा काढून टाकल्यावर जे पेडल आले, ते क्लिपविना म्हणून ‘क्लिपलेस’. बंधन मात्र राहिलेच.

पुण्यात सेमिनरीत असताना मी जी सायकल चालवली, तिला साधी रबरी पेडले होती. चपला घालूनही ती चालवता येई. आज पन्नाशी उलटल्यावर मी पातळ टायरांच्या रोड बाईकवर इन्सुलीचा घाट चढतो. सावंतवाडीहून बांद्याकडे येणारा हा रस्ता वळणावळणाचा आहे. चढावर दम लागतो तो लागतोच. पण उतारावर डांबर खडबडीत असले की पाय पेडलवरून उडतो, आणि पावसाळ्यात ओला तळ घसरून पेडल नडगीवर आदळते. म्हणून नवी पेडले व बूट घेण्याचा विचार मनात आला. त्याच्या पाठोपाठ भीतीही आली. मागून ट्रक येत आहे, समोर गाय आडवी आली आहे, आणि नेमका तेव्हाच पाय सुटला नाही तर? या वयात खुबा मोडला की आजाऱ्यांना घरोघरी भेटायला जाणारा माणूसच अंथरुणाला खिळायचा, आणि मग मंडळींनी त्याला भेटायला यायचे!

आमच्या भागातील एक तरुण नियमित लांब पल्ल्याची सायकल चालवतो. त्याने पेडले बसवून दिली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. काम झाल्यावर हात पुसत तो म्हणाला, “फादर, आदी सुटूक शिका, मगे अडकूक.”

त्याने शिकवलेली रीत साधी होती. बुटाच्या तळाला स्क्रूंनी एक छोटी पट्टी बसवलेली असते. तिला क्लीट म्हणतात. तिचे टोक पेडलच्या पुढच्या ओठाखाली घालायचे व चवड्यावर भार द्यायचा. मागचा स्प्रिंगचा जबडा उघडतो आणि ‘टक्’ असा आवाज होऊन मिटतो. सुटण्यासाठी टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. स्प्रिंगचा ताण एका बारीक स्क्रूने कमीजास्त करता येतो. नवशिक्याने तो सर्वांत सैल ठेवावा. अंगणातील जांभ्याच्या गडग्याला एक हात टेकून, सायकल जागच्या जागी उभी ठेवून मी रोज संध्याकाळी अडकणे आणि सुटणे गिरवले. त्यानंतर गवतावर, आणि मग कुठे रस्त्यावर. थांबायच्या बरेच आधी डावा पाय सोडून ठेवायचा आणि भार डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेकडे घ्यायचा, हा नियम टाचेला इतका पाठ व्हावा लागतो की डोक्याला विचारावे लागू नये.

त्या तरुणाचे वाक्य किती खरे होते, हे या पेडलचे मूळ वाचले तेव्हा उमगले. फ्रान्समधील ‘लूक’ ही कंपनी बर्फावरील स्कीचे बंध बनवीत असे. पडणाऱ्याचा पाय वेळेवर सुटावा आणि हाड मोडू नये, हे त्या बंधांचे मुख्य काम. १९८४ साली कंपनीने तीच युक्ती सायकलीला लावली, आणि १९८५ मध्ये बर्नार इनो यांनी तीच पेडले वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. पट्ट्यात आवळलेला पाय सोडवायला पूर्वी हात खाली न्यावा लागे. आता टाचेचे एक वळण पुरते.

याने वेग किती वाढतो, असे मला पुष्कळ जण विचारतात. पाय वर ओढूनही जोर मिळतो, असा समज सर्वत्र आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र सायकलपटूंनी पेडल मुद्दाम वर ओढले तेव्हा त्यांची कार्यक्षमता घटलेली दिसली. खरा लाभ वेगळा आहे. पाय योग्य जागी स्थिर राहतो आणि त्याला सावरण्यात लक्ष खर्च होत नाही. लांब पल्ल्याला या स्थैर्याचे मोल फार. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अशा दौडींत पाय जोडलेला असणे ही सर्वसाधारण रीतच आहे. बांद्याच्या बाजारापर्यंत जाऊन यायचे असेल, तर साधे पेडल पुरेसे आहे.

बुटांत दोन प्रकार आहेत. तीन स्क्रूंची मोठी क्लीट तळाबाहेर येते. तिने चालताना माणूस बदकासारखा डुलतो आणि गुळगुळीत फरशीवर घसरतो. दोन स्क्रूंची लहान क्लीट तळाच्या खाचेत दडते. मला वाटेत उतरून लोकांशी बोलायचे असते, म्हणून मी दुसरा प्रकार घेतला. आमच्या तांबड्या मातीचा चिखल तिच्यात बसतो, तेव्हा तो काडीने उकरावा लागतो. शिवाय अडकलेल्या पायाला थोडे डावीउजवीकडे हलण्याची मोकळीक देणाऱ्या क्लीटच निवडाव्यात; गुडघे दुवा देतात.

आम्हां धर्मगुरूंना काही वर्षांनी बदलीचा कागद येतो. गावात जीव गुंतवायचा आणि वेळ आली की निघायचे, हे मला आजवर जमले ते अर्धेमुर्धेच. घाटात टाच वळवताना त्याची आठवण होते, इतकेच. पण पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी अशी पेडले मागेल, तेव्हा किंमत विचारण्यापूर्वी त्यांना गडग्याजवळ उभे करा, आणि पाय किती चटकन सुटतो ते आधी पाहा.