आलं का?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर दूरदर्शनचा अँटेना होता. त्यावर कावळा बसला की तो फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग बाबा वर जाऊन दांडा फिरवत ओरडायचे, "आलं का?" मी खिडकीतून, "थोडं अजून!"

बी.ई.च्या शेवटच्या वर्षी मी आणि मित्राने घेतलेला प्रोजेक्ट म्हणजे या कामाचा चुलतभाऊच. बाबा दिशा बदलायचे. आम्हाला फ्रिक्वेन्सी बदलायची होती, तीही हात न लावता. अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. आमच्या एफआर-फोर बोर्डावर २.४ गिगाहर्ट्झला तांब्याची पट्टी साधारण २९ मिलिमीटर लागते, ३.५ ला २० च्या आसपास. म्हणून २० मिलिमीटरचा तुकडा, मग बारीक फट, पलीकडे उरलेला तुकडा आणि फटीवर पिन डायोड. डायोड चालू केला की फट बुजते, पट्टी लांब होते. बंद केला की आखूड. मोबाइलच्या अँटेनातही आता असे स्विच असतात. एवढ्याशा जागेत प्रत्येक बँडला वेगळा अँटेना कुठे बसवणार?

सिम्युलेशनमध्ये सगळं सुरेख आलं. बोर्ड करून मोजला, तर डायोड चालू असताना ठीक, बंद असताना ३.५ ऐवजी ३.१. सबमिशन दोन दिवसांवर. आम्ही रिपोर्टमध्ये फक्त सिम्युलेशनचा ग्राफ लावला. खोटं काही लिहिलं नाही, पण मोजलेलं लिहिलंच नाही. परीक्षकांनी विचारलं नाही. मार्क चांगले मिळाले, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये लागली.

ते ३.१ मात्र डोक्यातून गेलं नव्हतं. गेल्या दिवाळीत माळा आवरताना बाबांना तो बोर्ड सापडला. रात्री लॅपटॉप घेऊन पुन्हा मांडून पाहिलं. आम्ही बंद डायोड म्हणजे नुसती फट धरली होती. खरा डायोड बंद असतानाही छोटासा कपॅसिटर असतो, आमचा ०.२ पिकोफॅरडचा. ऐकायला नगण्य, पण एवढ्या फ्रिक्वेन्सीला त्यातून बराच प्रवाह पलीकडे झिरपतो आणि तो तुकडा पुरता सुटतच नाही. तेवढा एक आकडा घातला, तर ग्राफ सरकून ३.१ च्या शेजारी येऊन बसला. अख्ख्या प्रोजेक्टमधली शिकण्यासारखी गोष्ट तीच होती, आणि आम्ही नेमकी तीच गाळली होती!

मित्राला फोटो पाठवला. बाबा अजून जागेच होते. दारातून डोकावून म्हणाले, "आलं का?"